कोल्हापूरहून पहिल्यांदाच लंडनला निघताना: उड्डाणापासून उलटं मोजत या

तिकिटावर 'शनिवार, पहाटे २:३०' असं छापलेलं असतं आणि घरात सगळे शनिवारच्या हिशेबानं तयारी करत बसतात. शनिवारी रात्री गाडी काढू म्हणतात. तोवर विमान लंडनला पोचून पुढच्या खेपेची तयारी करत असतं. मुंबईहून आखाताकडे आणि युरोपकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्र ते पहाट यादरम्यान सुटतात. आपल्या बोलण्यात झोपून उठेपर्यंत शुक्रवारच चालू असतो, तिकिटावर मात्र बारा वाजले की शनिवार. म्हणून तिकीट हातात आल्या आल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात शुक्रवारच्या चौकोनात 'निघायचं' असं ठळक लिहा. शनिवारचा चौकोन कोरा ठेवा.

हा लेख मुख्यतः लेकाकडं, लेकीकडं पहिल्यांदाच निघालेल्या आई-वडिलांसाठी आहे. शिकायला निघालेल्या पोरांनाही चालेल, फक्त त्यांना पाय सुजण्याचा भाग वगळता येईल.

आधी उलटं गणित

विमान पहाटे २:३० ला. आंतरराष्ट्रीय चेक-इनचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि बंद झाला म्हणजे झाला, तिथं ओळख, विनवणी, वय काही चालत नाही. रांगा धरून चार तास आधी, म्हणजे शुक्रवारी रात्री साडेदहाला मुंबई विमानतळाच्या टी-टू, म्हणजे दुसऱ्या टर्मिनलच्या दारात उभं राहायचं. कोल्हापूर ते मुंबई जवळपास पावणेचारशे किलोमीटर. जेवण, चहा, खंडाळ्याचा घाट आणि वाशीपासून सहारपर्यंतची संध्याकाळची गर्दी धरली तर नऊ तास. त्यावर टायर पंक्चर, अपघाताची कोंडी, कुणाला मळमळणं यासाठी दोन-अडीच तास राखीव. म्हणजे घराचा उंबरा शुक्रवारी सकाळी अकराच्या आसपास ओलांडायचा. "एवढ्या लवकर जाऊन काय करायचं?" असं घरात एकजण तरी म्हणणारच. त्याला म्हणावं, खुर्चीत बसायचं.

थेट विमान असेल तर साधारण दहा तास लागतात. मार्ग वळवावा लागला तर थोडे जास्त. म्हणजे आपल्या घड्याळात शनिवारी दुपारी साडेबाराला विमान उतरेल. लंडनचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. म्हणून तिथं सकाळचे सात किंवा आठ वाजलेले असतील. त्यानंतर इमिग्रेशन, सामान, मुलाच्या घरापर्यंतचा प्रवास. कोल्हापुरातलं कुलूप लावल्यापासून लंडनमधलं दार उघडेपर्यंत अठ्ठावीस-तीस तास सहज होतात. विमानाचे दहा तास त्यातले सगळ्यात सोपे, हे माझं ठाम मत आहे. माणूस दमतो ते विमानात बसायच्या आधीच.

जुलै-ऑगस्टमध्ये निघणार असाल तर या गणितात पंचगंगा घ्यावीच लागते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आलं आणि पुण्याची वाट बंद झाली होती. नदी इशाऱ्याकडं सरकायला लागली की "बघू उद्या सकाळी" म्हणू नका. एक-दोन दिवस आधीच पुण्याला किंवा मुंबईला जाऊन राहा. पाहुण्यांच्या घरी दोन दिवस गैरसोय झाली तरी ती नव्या तिकिटापेक्षा स्वस्त पडते.

मुंबई कशानं गाठायची

रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस ज्येष्ठांसाठी सगळ्यात सुखाची. आडवं होता येतं, स्वच्छतागृह आहे, सकाळी मुंबई. पण तीत एक मेख आहे. विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर आदल्या रात्री, म्हणजे वरच्या हिशेबात गुरुवारी रात्री निघून, मुंबईत अख्खा शुक्रवार काढावा लागतो. दादर, ठाणे, मुलुंड इथं कुणी आपलं असेल तर उत्तम. जेवून, दुपारी पडून, संध्याकाळी निवांत विमानतळावर जाता येतं. कुणी नसेल तर विमानतळाजवळ एका दिवसासाठी खोली घ्या. गाडी उशिरा आली तरी हाताशी दिवस असतो, हा मोठा फायदा. दादरहून आता भुयारी मेट्रोची ॲक्वा लाइन थेट टी-टूपर्यंत जाते, पण दोन मोठ्या बॅगा आणि गुडघेदुखी असेल तर टॅक्सीच करा.

स्वतःची किंवा भाड्याची गाडी बरी, पण चालक रात्री परत येणार नाही याची आधीच खात्री करा. दिवसभर गाडी हाकून रात्री साडेदहाला तुम्हाला सोडायचं आणि लगेच कोल्हापूरला फिरायचं, हे कुठल्याही चालकाला सांगू नये. त्याच्या मुक्कामाचे पैसे धरूनच ठरवा. रात्रीच्या स्लीपर ट्रॅव्हल्सही आहेत, पण मुंबईत त्या कुठं उतरवतात ते आधी विचारून घ्या. पहाटे पुलाखाली चार बॅगा घेऊन उभं राहण्यात मजा नाही.

उजळाईवाडीहून मुंबईचं विमान असेल तर मोह होतो. तासाभरात मुंबई. पण ते तिकीट वेगळं काढलेलं असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादा बरीच कमी, पंधरा किलोच्या आसपास असते. लंडनच्या तिकिटावरच्या तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा तिथं जादा वजनात जातात. दुसरं, कोल्हापूरचं विमान रद्द झालं किंवा उशिरा आलं तर लंडनच्या विमान कंपनीला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. पावसाळ्यात ही जोखीम घेऊच नये.

कागद, आणि त्यावरचं नाव

पासपोर्ट, व्हिसा, जाण्या-येण्याचं तिकीट, विमा, मुलाचं पत्र आणि तिथला पत्ता. एवढं एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, आणि तो फोल्डर गळ्यातल्या पर्समध्ये किंवा खांद्याच्या पिशवीत. मोठ्या बॅगेत मुळीच नको. प्रत्येकाचा एक वेगळा फोल्डर करा. सगळे कागद बाबांकडं आणि बाबा स्वच्छतागृहात, अशी वेळ हमखास नको तेव्हा येते.

तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडं इथंच गोंधळ होतो, कारण आपलं नाव तीन डब्यांचं. पासपोर्टवर बहुतेकदा स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र 'गिव्हन नेम'मध्ये असतं आणि आडनाव 'सरनेम'मध्ये. तिकीट काढणारा पोरगा घाईत नुसतं 'आई'चं घरातलं नाव टाकतो, किंवा पाटीलमध्ये एक आयऐवजी दोन ई घालतो. बायकांचा पासपोर्ट माहेरच्या नावानं असतो आणि तिकीट सासरच्या. तिकीट आलं त्याच दिवशी पासपोर्ट शेजारी ठेवून, मोठ्यानं एकेक अक्षर वाचत, दोघांनी मिळून तपासा. चूक तेव्हा सापडली तर फोनवर निस्तरते. काउंटरवर सापडली तर घाम फोडते.

विम्यावर पैसे वाचवू नका. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले होते आणि परतीच्या वाटेवर इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये ऐन विशीत वारले. तिथं नदीकाठच्या उद्यानात त्यांची छत्री आजही उभी आहे. परदेशातलं आजारपण राजालाही सुटलं नाही. आपण तर रोज दोन गोळ्या घेणारी माणसं. विमा काढताना बीपी, साखर, आधीची अँजिओप्लास्टी असं सगळं खरं लिहा. लपवलं तर ऐनवेळी विमा कंपनी त्याच ओळीवर बोट ठेवते.

पैशांचं थोडक्यात: भारतातून जाताना रुपये फार तर पंचवीस हजारांपर्यंत नेता येतात, आणि तिथं त्यांचा उपयोगही नाही. थोडे पाउंड आणि एक फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकी चलन आधीच भरलेलं कार्ड, पुरे. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर सुरू करून ठेवा. मोबाइलचं रोमिंगही इथूनच सुरू करा, नाहीतर ओटीपी कोल्हापूरच्या सिमवर येत नाहीत आणि तुम्ही तिकडं अडकून पडता.

बॅग: इथं खरी लढाई होते

"आई, एवढं कशाला? तिकडं सगळं मिळतंय."

"मिळतंय व्हय? आपल्या चटणीसारखी चटणी मिळती का तिकडं?"

आईचं बरोबर आहे. मिळत नाही. पण चटणी न्यायची तर रीतसर.

ही चटणी, म्हणजे आपला कांदा-लसूण मसाला, मोठ्या बॅगेत न्यायला काही हरकत नाही. हातातल्या बॅगेत मात्र नको, कारण लाल तिखट केबिनमध्ये न्यायला सुरक्षा तपासणीत बंदी आहे. पॅकिंग असं करा. मसाला आधी दोन-चार तास परातीत उघडा ठेवून पूर्ण गार होऊ द्या. गरम भरला की पिशवीला आतून घाम सुटतो. मग जाड झिपच्या पिशवीत अर्धा-अर्धा किलो भरायचा, पिशवी ओट्यावर आडवी ठेवून तळहातानं हवा काढत काढत झिप लावायची. झिपवर सेलोटेप. ती पिशवी दुसऱ्या झिपच्या पिशवीत उलट्या तोंडानं घालायची. हे झाल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून एक रात्र तशीच ठेवा. सकाळी कागदावर तेलाचा डाग दिसला तर पिशवी बदला. हा डाग ओट्यावर दिसलेला बरा, बॅगेतल्या पैठणीवर दिसण्यापेक्षा. स्टीलचे डबे नेऊ नका, रिकामा डबाच पाव किलो खातो. प्रत्येक पिशवीवर इंग्रजीत 'मिक्स्ड स्पाइस पावडर' अशी चिठ्ठी लावा. शक्य असेल तिथं दुकानातलं, छापील लेबलचं सीलबंद पाकीट घ्या.

भडंग चालतं. वजनाला काही नाही, जागा मात्र खातं, म्हणून ते बॅगेच्या कोपऱ्यांत भरायचं. गूळ चालतो, शेंगदाण्याची चिक्की चालते, राजगिऱ्याचे लाडू चालतात, ते तुपात वळलेले नसतील असं बघा.

आता काय चालत नाही ते, कारण यावरूनच हीथ्रोवर बॅगा उघडल्या जातात. युरोपबाहेरून ब्रिटनमध्ये येताना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. याचा आपल्या भाषेत अर्थ: सुकं मटण नाही, मटणाचं लोणचं नाही, साजूक तूप नाही, पेढे नाहीत, खव्याची बर्फी नाही. नरसोबाच्या वाडीहून खास आणलेली बासुंदी तर नाहीच नाही. "थोडंसंच आहे" हे तिथं कारण धरत नाहीत. ताजी फळं, भाज्या, कढीपत्त्याच्या जुड्या, रोपं, बियाणं यांच्याही भानगडीत पडू नका. अंबाबाईचा प्रसाद पेढ्याचा असेल तर मुंबईला पोचेपर्यंत गाडीत वाटून संपवा. प्रसादच आहे, पुण्य कुठं जात नाही.

सुक्या खोबऱ्याची वाटी ना हातातल्या बॅगेत चालते ना मोठ्या. खोबऱ्यातलं तेल पेट घेतं म्हणून ती भारतातल्याच विमान सुरक्षेच्या नियमांत बंद आहे. ओटीत आलेला नारळ घरीच ठेवून निघा. कापूर, काडेपेटी, लायटर हेही नाही. देवपूजेच्या पिशवीत कापराची डबी विसरून राहते, ती आठवणीनं काढा.

उलट नियम पॉवर बँकेचा. ती फक्त हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत सापडली तर तुम्हाला बोलावून बॅग उघडायला लावतात. शंभर वॉट-अवरपर्यंतची चालते, तो आकडा तिच्यावरच छापलेला असतो. पाणी, तेल, दही, चटणीचा ओला गोळा असं पातळ काहीही हातातल्या बॅगेत शंभर मिलिलीटरपेक्षा मोठ्या बाटलीत नको.

औषधं सगळी हातात. सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावासकट. गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरू नका. इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकलं तर तिथल्या थंडीत गोठून वाया जाऊ शकतं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध इथं कपाटात सर्रास असतं, तिकडं ते नियंत्रित औषधांत मोडतं, तेव्हा ते वगळा. बिनलेबलच्या चूर्णाच्या पुड्याही वगळा. पांढरी पूड कशाची आहे हे इंग्रजीत समजावून सांगायची वेळ येऊ देऊ नका.

वजन घरीच करा. हुकाला बॅग लटकवून बघायचा छोटा काटा मिळतो. तेवीसची मर्यादा असेल तर बावीसवर थांबा. त्या एका किलोत विमानतळावरची शांतता आहे. तिकिटावर एक बॅग आहे की दोन, हे बघून घ्या, सगळ्या तिकिटांवर दोन नसतात. बॅगेच्या मुठीला जुन्या साडीचा काठ बांधा. पट्ट्यावरून सगळ्या काळ्या आणि निळ्या बॅगा येतात, त्यात आपली लांबून ओळखू येते. सुतळीनं मात्र आवळू नका, ती पट्ट्यात अडकते.

अंगावर काय

सैल कपडे आणि एक शाल किंवा जाकीट. विमानात गारठा असतो. सहावारी नेसायची तर खुशाल नेसा, पण पिना कमी लावा. पायात मऊ बूट किंवा सँडल. कोल्हापुरी चपला लेकाला भेट म्हणून बॅगेतून न्या, घालून निघू नका. दहा तास बसून पाय सुजतात आणि कोरी कोल्हापुरी सुजल्या पायाला चावल्याशिवाय राहत नाही.

दागिने: मंगळसूत्र, पाटल्या, एवढं पुरे. कोल्हापुरी साज आणि ठुशी लॉकरमध्ये ठेवा. लग्नाकार्यासाठी न्यायचेच असतील तर जाताना मुंबईत कस्टमच्या काउंटरवर दाखवून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या. तो कागद नसेल तर परत येताना 'हे तिकडून आणलं' अशी शंका घेतली जाते आणि इथलंच सोनं इथलं आहे हे सिद्ध करत बसावं लागतं.

टी-टूच्या दारात

बिगर तिकिटाचा माणूस आत येत नाही. गाडीतून उतरल्यावर निरोपाला पाच मिनिटं मिळतात, मागून पुढच्या गाड्यांचे हॉर्न सुरू असतात. दोन जीपगाड्या भरून माणसं नेण्यात अर्थ नाही. दही-साखर, ओटी, पाया पडणं हे सगळं कोल्हापुरात उरकून घ्या आणि सोबत एक-दोन माणसंच न्या. सोडायला आलेल्यांनी तुमचा "आत पोचलो, बॅगा गेल्या" असा फोन येईपर्यंत मुंबई सोडू नये. बॅग जड निघाली तर काढलेलं सामान कुणाच्या तरी हातात द्यावं लागतं.

दारात जवान पासपोर्ट आणि तिकीट बघतो. आत शिरल्यावर मोठ्या पडद्यावर आपल्या विमानाचा क्रमांक शोधायचा, त्यापुढं काउंटर लिहिलेले असतात. तिथं बॅगा द्यायच्या. बॅगेला जी पट्टी लावतात तिच्यावर लंडन हीथ्रोची तीन अक्षरं, एल-एच-आर, आहेत ना हे स्वतः वाचा. पावतीचा छोटा स्टिकर बोर्डिंग पासच्या मागे चिकटवून देतात, तो जपून ठेवा. बॅग हरवली तर तोच पुरावा.

चालायला त्रास असेल तर व्हीलचेअर आधीच, किमान दोन दिवस आधी, विमान कंपनीला सांगून ठेवा. ती फुकट असते आणि दोन्ही टोकांना मिळते. तिची लाज वाटून घेऊ नका, टी-टूमधली चाल लांब आहे. इंग्रजीची धास्ती असलेल्या पण तंदुरुस्त मंडळींनीही ती मागायची पद्धत पडली आहे. मला ते पटत नाही, ज्याला खरी गरज आहे तो ताटकळतो.

यापुढं इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी. अधिकारी कुठं चाललात, कशाला, एवढं विचारतो. मराठीत सांगितलं तरी मुंबईत अडत नाही. तपासणीत मोबाइल, पॉवर बँक, पट्टा, नाणी ट्रेमध्ये. पलीकडं ट्रेमधून आपली प्रत्येक वस्तू उचलली का ते मोजून बघा. इथं चष्मे आणि घड्याळं राहतात. मग वाटेत कलाकृतींची लांबच लांब भिंत लागते, बघत बघत जा, पण आधी आपलं गेट कुठं आहे ते पाहून या आणि मग फिरा.

विमानात

जेवण तिकीट काढतानाच नोंदवा, निदान दोन दिवस आधी. इथं एक फसगत ठरलेली: 'हिंदू मील' म्हणजे शाकाहारी जेवण असं वाटतं, पण त्यात चिकन किंवा मासे असतात, फक्त गोमांस नसतं. शाकाहारी मंडळींनी 'एशियन व्हेजिटेरियन' मागायचं. जैन आणि मधुमेहींसाठी वेगळं मिळतं. हाताशी दशम्या किंवा असंच कोरडं, चटणीशिवायचं काहीतरी असू द्या. तिखट मात्र निघायच्या दिवशी कमीच. कोल्हापूर सोडताना मिसळ आणि तांबडा रस्सा हाणून निघालेला माणूस दहा तास खिडकीच्या सीटवर सुखात बसत नाही.

आतली हवा कोरडी आणि विरळ असते. दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तेवढा, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही वरचा. त्यामुळं पाणी घोटघोट पीत राहा, मागितलं की मिळतं. दीड-दोन तासांनी उठून एक फेरी मारा, बसल्या जागी घोटे गोल फिरवा. याला आळस केला तर पायात रक्त साकळायचा धोका असतो, विशेषतः ज्यांना शिरांचा त्रास आहे त्यांना. चढताना-उतरताना कान दडपले तर गोळी चघळा किंवा आवंढा गिळत राहा. मार्गिकेकडची सीट घ्या. खिडकीतून रात्री काळोखाशिवाय काही दिसत नाही.

आखातात विमान बदलायचं असेल तर एकच सूत्र: एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असतील तर बॅगा परस्पर पुढं जातात, तुम्ही 'ट्रान्सफर' किंवा 'कनेक्शन्स'ची पाटी धरून चालत राहायचं. बाहेर पडायच्या पाटीकडं वळायचं नाही. मधे दोन तासांपेक्षा कमी वेळ असेल तर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ते तिकीटच घेऊ नये.

हीथ्रो

उतरल्यावर 'अरायव्हल्स' आणि मग 'यूके बॉर्डर'च्या पाट्यांमागं चला. यंत्राची ई-गेट्स भारतीय पासपोर्टला उघडत नाहीत. ज्या रांगेत खिडकीत माणूस बसलेला असतो ती आपली. तास-दीड तास लागू शकतो, म्हणून विमानातच स्वच्छतागृहाला जाऊन घ्या.

अधिकाऱ्याचे प्रश्न ठरलेले. कशासाठी आलात, किती दिवस, कुठं राहणार, परत कधी. उत्तरं छोटी आणि खरी. "मुलाकडं आलोय, नातवाला भेटायला, दोन महिने, हे परतीचं तिकीट." एवढ्यावर थांबा. "सुनेची नोकरी आहे, घरकामाला हातभार, बाळ सांभाळायला..." अशी प्रेमळ लांबण लावलीत तर अधिकाऱ्याच्या कानाला ते कामाला आल्यासारखं ऐकू येऊ शकतं. मुलाचा पत्ता आणि फोन नंबर इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद हातात ठेवा. इंग्रजी समजलं नाही तर दुभाषा मागता येतो, उगाच 'येस येस' म्हणू नका.

मग पट्ट्यावरून बॅगा, फुकटची ट्रॉली, आणि कस्टम. काही दाखवण्यासारखं असेल तर लाल मार्ग, नसेल तर हिरवा. चुकून तुपाचा डबा राहिलाच असेल तर लाल मार्गानं जाऊन सांगा, तो काढून घेतील आणि विषय संपेल. हिरव्या मार्गात सापडला तर तो लपवल्यात जमा होतो.

मुलाशी भेटायची जागा आधीच ठरवा: दारातून बाहेर आल्यावर समोरचा कठडा, आणि तिथून कुणीही हलायचं नाही. हीथ्रोला टर्मिनल अनेक आहेत, तेव्हा आपलं कोणतं ते त्याला कळवलेलं असू द्या. एकट्यानं जायचं असेल तर एलिझाबेथ लाइन सोयीची, पिकॅडिली लाइन स्वस्त पण तास खाते. दोन्हींना बँकेचं कार्ड दारावर टेकवून जाता येतं, फक्त प्रत्येकाला आपापलं कार्ड लागतं आणि उतरतानाही तेच टेकवायचं. सगळ्या स्थानकांवर लिफ्ट नाहीत, हे बॅगा असताना आठवा.

पहिला दिवस

सकाळी आठला उतरून दहा-साडेदहाला घरी पोचाल. तेव्हा पाठ टेकाविशी वाटणारच. तासभर टेका, गजर लावून. नंतर बाहेर पडा, उन्हात चाला. उन्हाळ्यात तिथं रात्री नऊनंतरही उजेड असतो, डिसेंबरात चारच्या सुमारासच सूर्य मावळतो, म्हणून हिवाळ्यात हे फिरणं दुपारीच उरका. रात्री नऊपर्यंत जागं राहता आलं तर गाडी लवकर रुळावर येते. पहाटे दोन-तीनला डोळे टक्क उघडतील, कारण कोल्हापुरात तेव्हा सकाळच्या चहाची वेळ झालेली असते. उठून स्वयंपाकघरात भांडी वाजवू नका, पोरं कामाची आहेत. चार-पाच दिवसांत हे सुरळीत होतं.

औषधांच्या वेळा मात्र आपोआप सुरळीत होत नाहीत. रोज सकाळी आठला घ्यायची गोळी पहिल्या दिवशी कधी घ्यायची, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून त्याच चिठ्ठीवर लिहून आणा, इन्सुलिनवाल्यांनी तर नक्कीच. आणि मुलाच्या घरी प्लग चालत नाही म्हणून बीपीचं यंत्र बंद ठेवू नका. तिथला सॉकेट तीन चौकोनी पिनांचा असतो, दाब आपल्यासारखाच दोनशे तीस व्होल्टचा. दोनशे रुपयांचा ॲडॅप्टर इथूनच घेऊन जा, दोन घ्या.